पिवळी झावळी कापू नये

लढाई संपली, पलटणी मोडल्या आणि हे घरी आले, तेव्हा मी ह्यांना ओळखत होते असं म्हणता येणार नाही. लग्नानंतर एक उन्हाळा आणि एक पावसाळा आम्ही एकत्र काढला होता. मग हे भरती झाले आणि चार वर्षं ब्रह्मदेशाच्या बाजूला गेले. हातात बंदूक नव्हती. लष्करी इस्पितळात रोग्यांना उठवणं-बसवणं, जखमा धुणं, औषध पाजणं असं काम. परत आले त्या दिवशी दीर बैलगाडी घेऊन सातारा रोड स्टेशनावर गेले होते. गाडी दारात आली तेव्हा दीर एकटेच उतरले. हे गाडीत बसलेच नव्हते. ट्रंक गाडीत टाकून पुढं चालत सुटले होते, आणि गाव आलं तरी न थांबता नदीपर्यंत जाऊन मग माघारी फिरले.

पुढंही तसंच चाललं. नांगर धरला की अर्ध्या वावरात सोडून बांधावर जाऊन उभे राहायचे. जेवताना मधेच उठून दाराशी जायचे आणि बाहेर बघायचे. बाहेर काहीच नसायचं. सासूबाई म्हणायच्या, पायाला भिंगरी लागलीया त्याच्या, जाईल हळूहळू. दीर काही बोलत नसत, पण ह्यांनी अर्धवट टाकलेलं काम मुकाट्यानं पुरं करत आणि ते मला जास्त लागायचं. मला ह्यांच्याशी काय बोलावं कळत नव्हतं. विचारलं तर उत्तर द्यायचे, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं.

आमच्या गावचा गूळ सांगलीला नेणारे एक चुलत सासरे होते. त्यांनीच बातमी आणली. सांगलीत हळदीचे एक मोठे व्यापारी होते, जैन. मिरजेच्या रस्त्याला त्यांचा बंगला होता आणि फाटकावर, बागेत लक्ष ठेवायला त्यांना लष्करातून आलेला भरवशाचा माणूस हवा होता. हे ऐकूनच उभे राहिले. कधी निघायचं एवढंच विचारलं. घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं की मी गावीच राहणार. तेव्हा मी सासूबाईंच्या पुढं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"ह्या वेळी मी मागं ऱ्हाणार न्हाई," मी म्हटलं.

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मग आमच्या दोघांच्या भाकरी बांधायला घेतल्या.

सांगलीला त्या व्यापाऱ्यांना सगळे अण्णा म्हणत आणि त्यांच्या बायकोला अक्का. आम्हीही तेच म्हणू लागलो. अण्णा बुटके, काळी टोपी, पांढरं धोतर, आणि सतत कुठंतरी निघालेले. अक्का उंच, सावकाश बोलणाऱ्या. घर त्यांच्या शब्दावर चालायचं. बंगल्याच्या मागं आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. बंगला लढाईच्या थोडा आधी उभा राहिलेला. कृष्णेच्या पुराची भीती म्हणून पुढची सगळी जागा भर घालून उंच केलेली होती, आणि फाटकापासून पडवीपर्यंतच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना पामची झाडं लावलेली. खालून फुगीर, वर निमुळती, बाटलीसारखी. अण्णांनी ती बंगलोरहून रेल्वेनं आणवली होती. गावातले लोक बघायला यायचे म्हणे.

आम्ही गेलो तेव्हा बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. बघावं तिकडं पिवळ्या झावळ्या. आधीचा माळी पिवळी दिसली की झावळी कापायचा, त्यामुळं एकेका झाडाच्या डोक्यावर चार-पाचच शिल्लक होत्या, आणि झाडं उलट्या धरलेल्या केरसुणीसारखी दिसत होती.

"वैशाखात लेकीचं लगीन हाय," अण्णांनी पहिल्याच दिवशी ह्यांना सांगितलं. बेळगावची पाहुणेमंडळी येणार, ती ह्याच वाटेनं आत येणार, तोवर झाडं हिरवी झाली पाहिजेत. पाणी, खत, माणसं, जे लागेल ते मागा, पण हिरवी करा.

तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. ह्यांना वाटलं, पुष्कळ वेळ आहे.

सुरुवातीला ह्यांनी सगळ्यांना ठाऊक असतं तेच केलं. आळी करून पाणी सोडलं, शेणखत घातलं, शेंगपेंड भिजवून ओतली. झाडांनी नवा कोंब टाकला, पण तो उलगडेपर्यंत खालची झावळी आणखीच पिवळी पडून टोकाकडून वाळायला लागली. हे उजाडलं की चहाच्या आधी बाहेर. एकेका झाडाखाली उभे राहायचे, पात उलटून बघायचे, बोटानं चोळायचे. दुपारी पुन्हा. दिवस मावळायच्या आत पुन्हा. गावी ज्या नजरेला कुठं टेकायला जागा नव्हती ती आता ह्या झाडांवर टेकली होती, म्हणून मला आधी बरंच वाटलं. पण ते बघणं शांत नव्हतं. आत येऊन बसले तरी पाय हलत राहायचे.

एका दुपारी हे मला आपणहून लढाईतलं सांगायला लागले. तोवर कधी सांगितलं नव्हतं. इस्पितळात असे शिपाई यायचे की अंगावर एक ओरखडा नाही, पण हिरड्यांतून रक्त, पायांना सूज. काहींना दिवस कलला की दिसायचं नाही. "गोळी न्हाई, ताप न्हाई," हे म्हणाले. "डाक्टर म्हनायचे, ह्यांच्या खान्यात काय तरी कमी पडलंय. कुणाला लिंबू, कुणाला माशाचं तेल. ज्याचं त्याला दिलं की मानूस उठायचं. ह्या झाडांचंबी तसंच हाय बघ. पर ह्यांना काय कमी पडलंय, ते मी कुनाला इचारू?"

विचारायला माणूस जवळच होता. बंगल्याच्या पलीकडं शेतकी खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब राहायचे. एकटेच असत, मुलगा पुण्याला. रोज संध्याकाळी काठी टेकत आमच्या फाटकावरून जायचे आणि झाडांकडं बघत क्षणभर थांबायचे. बोलावल्याशिवाय आत येणारे नव्हते. हे एकदा सरळ रस्त्यावर गेले, पाय जुळवून सलाम ठोकला आणि म्हणाले, साहेब, आत येऊन पेशंट बघा.

साहेब आले. त्यांनी झाडाला हात लावायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "पिवळी कुठली पडते? जुनी झावळी की नवी?"

ह्यांना सगळंच पिवळं दिसत होतं. मी पडवीच्या बाजूला नळावर भांडी घासत होते. मी दिवसभर त्या आवारातच असायची. शेजारपाजार नव्हता, ओळखीचं कुणी नव्हतं, आणि हे कधी कुठं उभे आहेत यावर लक्ष ठेवता ठेवता झाडं माझ्या डोळ्यांत बसली होती. मी पदर सावरून पुढं झाले आणि सांगितलं की बंगल्याकडच्या झाडांची खालची, जुनी झावळी पिवळी पडते, वरची चांगली हिरवी असते. पण फाटकाजवळच्या दोन झाडांचं उलटं आहे. त्यांची खालची हिरवी आणि नवी निघते तीच पिवळी.

साहेबांनी माझ्याकडं वळून बघितलं. "मग हे एक दुखणं नाही," ते म्हणाले. "दोन आहेत."

त्यांनी बंगल्याकडच्या झाडाची एक खालची झावळी वाकवून धरायला सांगितली आणि आम्हा दोघांना जवळ बोलावलं. झावळी काठाकडून पिवळीधमक होती, पण मधल्या शिरेच्या लगत हिरवा पट्टा शाबूत होता. टोकं मात्र करपलेली, आणि पात उजेडात धरली की बारीक नारिंगी ठिपके. साहेबांनी समजावून सांगितलं ते मला आजही तसंच्या तसं आठवतं. झाडाला जे खाद्य जमिनीतून मिळत नाही, त्यातलं काही ते आपल्याच जुन्या पानांतून काढून घेतं आणि नव्या कोंबाला देतं. म्हणून जुनं पिवळं पडतं. आणि काही खाद्यं अशी की एकदा पानात बसली की तिथून हलत नाहीत. ती कमी पडली तर जुनं हिरवंच राहतं आणि नवं पान उपाशी जन्माला येतं. आधी कोण उपाशी आहे ते बघायचं, मग काय द्यायचं ते ठरवायचं.

मग त्यांनी दोन्हीकडं खणायला सांगितलं. बंगल्याकडं फावड्याखाली नदीची वाळू आणि मुरूम निघाला. भर घातलेली तीच. ओतलेलं पाणी त्यातून सरळ खाली जात होतं आणि जाताना सगळं धुऊन नेत होतं. फाटकाजवळ खणलं तर पांढरी ढेकळं निघाली. साहेबांनी एक बोटांत चुरडलं. तोवर अक्का पडवीतून खाली आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हितं चुन्याची घाणी हुती की. बंगला बांधताना हितंच चुना मळत हुते."

बंगल्याकडच्या झाडांना साहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या. ठिपक्यांसाठी गुऱ्हाळाच्या चुलवणातली राख, आणि कडेच्या पिवळेपणासाठी जुलाबाचं मीठ. हे हसले, मग साहेब हसत नाहीत असं बघून थांबले. साहेब म्हणाले की निपाणीकडं वाळूच्या जमिनीत तंबाखूची जुनी पानं अशीच कडेनं पिवळी पडताना त्यांनी बघितली होती आणि त्याच मिठातल्या मॅग्नेशियमनं ती थांबली होती. राखेचं म्हणाल तर कोकणात माडाला राख घालतातच. "पण असल्या शोभेच्या पामवर कुणी हे करून बघितलंय असं माझ्या वाचनात नाही," त्यांनी बजावलं. "मला खात्री नाही. थोडं थोडं द्या. आणि पिवळी झावळी कापू नका. झाड अजून तिच्यातून जेवतंय."

हे म्हणाले, मग ती हिरवी कधी होईल?

"ती होणार नाही. गेलेलं पान परत हिरवं होत नाही. पुढची निघतील ती बघायची. वर्ष लागेल, दीड लागेल."

ह्यांचा चेहरा उतरलेला मी बघितला. अण्णांचा वैशाख त्यांच्या डोळ्यांपुढं असणार. फाटकाजवळच्या दोन झाडांचं काय करायचं हे साहेब त्या दिवशी सांगू शकले नाहीत. चुन्यानं जमिनीतलं लोह झाडाला लागू होत नसेल असं वाटतं, पण जुनी पुस्तकं काढून बघतो, म्हणाले. त्यांना मुलाकडं पुण्याला जायचं होतं. आल्यावर बोलू.

मीठ मिरजेच्या एका औषधवाल्याकडं मिळालं. एवढं मीठ मागितल्यावर तो म्हणे विचारत होता की पलटणच बसलीय का पोट धरून. राख कडेगावाकडच्या गुऱ्हाळांवरून अण्णांच्या गाड्यांतून आली. मोसम चालू होता, राखेचे ढीग पडलेले. आम्ही दोघांनी मिळून ती चाळली. खोडापासून हातभर लांब गोल चर काढायचा, त्यात मूठ-मूठ राख टाकून माती लोटायची, आणि चार दिवस जाऊ देऊन मग मिठाचं पाणी. केसांत, भुवयांत राख जायची. त्या दिवसांत हे माझ्याशी पुष्कळ बोलले. ही पात बघ, तो ठिपका बघ, हा कोंब कालच्यापेक्षा वर आलाय का. मी व्हय म्हणायची. खरं तर कालच्यापेक्षा काही वर आलेलं नसायचं.

आणि साहेब येईनात. पुण्याला त्यांच्या मुलाकडं कुणी आजारी पडलं म्हणून मुक्काम वाढला. फाटकाजवळची दोन झाडं रोज येता-जाता ह्यांना दिसायची. एक दिवस मी कपडे धुऊन येऊन बघते तर ह्यांनी उरलेली सगळी राख टोपलीनं त्या दोन झाडांच्या बुंध्यात ओतलेली.

मी म्हटलं, साहेबांनी थांबाया सांगितलं हुतं.

"साहेब न्हाईत," हे म्हणाले. "आनि झाडं हायत."

पंधरवड्यात त्या दोन झाडांची नवी झावळी फिकट पिवळ्याची जवळजवळ पांढरी झाली. पुढं साहेबांकडून कळलं की राखही चुन्याच्याच जातीची. आधीच चुन्यानं कोंडलेल्या झाडाला ह्यांनी आणखी कोंडलं होतं. पण तेव्हा हे माहीत नव्हतं. तेव्हा ह्यांना एवढंच दिसत होतं की आपण हात लावला आणि झाड खालावलं. मग हे खणत सुटले. चुना काढायचा म्हणून एका झाडाभोवती सगळीकडून कमरेएवढा खड्डा घेतला. मुळं तुटत होती, पांढरी, दोरीसारखी. मी काठावर उभी राहून म्हणत होते की एका बाजूनं घ्या, सगळं एकदम नको. हे ऐकत नव्हते. त्यांना ऐकू येत होतं की नाही तेही मला कळत नव्हतं.

दुपारी मी जेवायला बोलवायला गेले तर फावडं खड्ड्यात पडलेलं आणि हे नाहीत. अंगरखा फाटकाला तसाच अडकवलेला. मी मागच्या खोल्या बघितल्या, विहीर बघितली. विहिरीत दोनदा वाकून बघितलं. अक्कांनी मला पडवीतून बघितलं आणि म्हणाल्या, "टेसनावर बघ जा. जानारा मानूस आधी तिकडंच जातो."

मी सांगलीत तोवर एकटी कधी बाहेर पडले नव्हते. डोक्यावर पदर ओढून चालत सुटले. हळदीच्या पोत्यांच्या गाड्या, उन्हानं पांढरा पडलेला रस्ता, आणि मनात एकच, की ह्या वेळी गाडीत बसले तर परत येणार नाहीत. हे फलाटावरच्या बाकड्यावर बसले होते. मिरजेची गाडी लागलेली होती. सुटायची वेळ झाली तरी हे उठले नाहीत. गाडी गेली. मी जाऊन शेजारी बसले. तिकीट काढलं होतं का, मी विचारलं. नाही म्हणाले.

मग हे बोलायला लागले, समोरच्या रुळांकडं बघत. म्हणाले, त्या आजारी शिपायांचं औषध कळलं होतं, पण औषध यायला उशीर व्हायचा. आणि आलं तरी माणूस एका रात्रीत उठत नाही. डॉक्टर म्हणायचे, थांबा, रोज थोडं द्या, थांबा. "मी रोज सकाळी त्यांच्या हिरड्या बगायचो. रोज. बगून काय व्हनार हुतं? पर बगितल्याबिगर ऱ्हावायचं न्हाई. काही उठले. काहींच्या खाटा सकाळी रिकाम्या असायच्या. आता थांबनं मला जमत न्हाई."

मला राग आला. खरं सांगायचं तर दया यायला हवी होती, पण राग आला, आणि तो चार वर्षांचा होता.

"आनि मी चार वरसं काय करत हुते?" मी म्हटलं. "तुमास्नी वाटतं, मला जमत हुतं?"

ह्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. खांद्यावरून पलीकडं नाही, माझ्याकडं. मग उठले आणि आम्ही बंगल्याकडं चालायला लागलो. वाटेत हे एकदा थांबले, माझ्या पायांत वहाणा नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. आपल्या काढून दिल्या. मला त्या होड्यांएवढ्या होत होत्या, तरी मी घातल्या.

खड्डा आम्ही दोघांनी भरला. दुसऱ्या झाडाला हात लावला नाही. साहेब पुण्याहून आले ते फाल्गुनात. ह्यांनी राखेचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. साहेब रागावले नाहीत. खड्डा घेतलेल्या झाडाचं आता देवावर, म्हणाले. दुसऱ्याला एका वेळी एकाच बाजूनं खणून चुन्याची माती काढायची, तिथं कुजलेलं शेणखत भरायचं आणि त्यात लोहासाठी थोडी हिराकस मिसळायची. ती बाजारात रंगाऱ्यांसाठी मिळायचीच. एक बाजू झाली की पावसाळ्यापर्यंत दुसरीला हात लावायचा नाही. ह्यांनी एक बाजू केली. दुसरीकडं बघत बसले, पण हात लावला नाही. फावडं मी आमच्या खोलीत खाटेखाली ठेवून दिलं होतं, ते ह्यांना ठाऊक होतं आणि मागितलं नाही.

वैशाख आला. झाडं पिवळीच. खरं म्हणजे वर एकेक-दोन-दोन झावळ्या गर्द हिरव्या निघाल्या होत्या, पण खालच्या आम्ही कापल्या नव्हत्या, त्यामुळं येणाऱ्याला आधी पिवळं दिसायचं. मांडव पडायला लागला त्या दिवशी अण्णा पाहुण्यांच्या आधी एकदा वाटेवरून चालून बघायला निघाले आणि मधेच थांबले. सगळ्या पिवळ्या झावळ्या आजच्या आज उतरवा, म्हणाले.

हे त्यांच्यापुढं पाय जुळवून उभे राहिले. म्हणाले, अण्णा, तुमी म्हनाल ते काम करीन, पर हे करनार न्हाई. झाड त्यातनं जेवतंय. ते काढलं तर वरचं हिरवंबी जाईल.

अण्णांचा आवाज चढला. बेळगावची माणसं, इज्जत, एवढा बंगला, हे सगळं ते बोलले. मी मागं दारात उभी होते. मला वाटलं, आता आमचं सामान बांधायचं. तेवढ्यात अक्का आल्या आणि अण्णांना म्हणाल्या, "लेकीच्या लगनात उपाशी कुनाला उठवायचं न्हाई. मग झाडाला कशाला?" अण्णांनी टोपी काढून डोकं पुसलं आणि आचाऱ्याकडं निघून गेले.

लग्नाला बेळगावचे एक वयस्कर व्याही वाटेवर थांबून झाडांकडं बघायला लागले. काय झालंय म्हणून विचारलं. अण्णा न अडखळता म्हणाले, "आजारी हायत. औषध चालू हाय." व्याह्यांनी मान हलवली आणि आपल्या घरच्या नारळांचं सांगायला लागले. त्यांचेही पिवळे पडत होते. अण्णांनी लगेच ह्यांना हाक मारली. लग्नाच्या गर्दीत, अंगावर नवा सदरा, हे त्या व्याह्यांना विचारत होते, जुनी झावळी की नवी.

त्या पावसाळ्यात झाडांनी अंग धरलं. रोज काही दिसत नव्हतं, पण मी पंचमीला सातारच्या बाजूला माहेरी जाऊन गणपतीला परत आले, तर मला फाटकातूनच फरक कळला. बंगल्याकडच्या झाडांची डोकी भरली होती. पिवळ्या झावळ्या आता पुऱ्या वाळून आपोआप गळत होत्या आणि त्यांच्या जागी खाली येणारी झावळी हिरवीच खाली येत होती. फाटकाजवळच्या एका झाडाचा नवा कोंब उलगडला तो फिकट, पण हिरवा. दुसरं, सगळीकडून खणलेलं, गेलं. शेंडा हातानं ओढला तर सुटून आला, आत कुजलेला. ह्यांनी तो माझ्यापुढं धरला. मला वाटलं, पुन्हा स्टेशन. पण हे म्हणाले, "ह्याला मी घाई केली," आणि कुऱ्हाड आणायला गेले.

हे त्यानंतर निवांत झाले असं मी म्हणणार नाही. अण्णांनी ह्यांना जुनी सायकल दिली, कारण बेळगावच्या व्याह्यांनी कुणाला सांगितलं, त्यानं आणखी कुणाला, आणि मिरजेपासून बोलावणी यायला लागली. कुणाच्या बंगल्यापुढची झाडं, कुणाच्या विहिरीवरचे नारळ. बागेचं काम उरकलं की हे निघायचे. कुपवाडच्या माळावरून सायकल दिसेनाशी होईपर्यंत मी बघायची. फरक एवढाच की आता हे कुठं गेले ते मला ठाऊक असायचं, आणि आल्यावर सांगायचे: एकाचं मिठाचं पाणी जास्त झालं, एकानं नको सांगितलं तरी झावळ्या कापल्या, एकाचं दुखणं कळलंच नाही आणि तसं सांगून आलो. न कळलेल्यांचं पुढं काय झालं ते बघायला हे पुन्हा पुन्हा जायचे. एकदा मी म्हटलं, मलाबी बगायचं हाय. तेव्हापासून कधीमधी सायकलच्या मागं बसून मीही जायला लागले. लोक हसायचे. मी झाडाभोवती फिरून सांगायची, खालची का वरची, आणि हे खणायचे.

गेलेल्या झाडाच्या जागी अण्णांना ताबडतोब नवं लावायचं होतं. बंगलोरला त्यांनी निरोपही धाडला. ह्यांनी सांगितलं, आधी तिथला सगळा चुना निघू द्या, माती बदलू द्या, एक उन्हाळा खड्डा तापू द्या. अण्णांना ते पटलं नाही, पण ऐकलं. वाटेच्या एका बाजूला झाड आणि दुसऱ्या बाजूला मोकळा खड्डा, हे त्यांना बघवत नसे. तो सबंध उन्हाळा ते पेढीवर निघायच्या आधी खड्ड्याच्या काठाशी येऊन उभे राहायचे, आत वाकून बघायचे, आणि ह्यांना विचारायचे, "झालं का रं?"

हे म्हणायचे, "न्हाई अजून."

अक्का पडवीतून म्हणायच्या, "बगून माती बदलत आसती, तर आमीबी आलो आसतो की." तरी दुसऱ्या दिवशी अण्णा पुन्हा तिथंच असायचे.